माशांचं पाणी

कोथरूड, पुणे
मंगळवार, दुपार

प्रिय नम्रता,

सौमित्र लेकीला भेटायला परवाच्या गाडीने निघतोय. डिंकाचे लाडू केलेत, त्या डब्यात सगळ्यात वर हे पाकीट ठेवणार आहे. पाकीट तुझं आहे, त्याने फोडायचं नाही, असं त्याला बजावलंय. लाडवांबद्दल काहीच बजावलेलं नाही, तेव्हा डबा जिंतूरला पोचेपर्यंत थोडा हलका झालेला असेल, ते समजून घे. रोज फोनवर बाळ दाखवतेस, बोलतेस, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर मी कशी बोलते ते तुला ठाऊक आहे. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं, आणि ते बहुतेक वेळा बोचरं असतं. इतकी वर्षं दहावीच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम. जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले तर मधेच स्वतःची बाजू मांडायला लागेन, याची मला खात्री आहे. म्हणून कागद घेतला.

आधी इकडची खबर. थंडी चांगलीच पडली आहे. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा दुखतो, पण सकाळचं फिरणं सोडत नाहीत, आणि घरी येऊन गुडघ्याबद्दल मलाच जबाबदार धरतात. तुमच्या खोलीला रंग दिला. फिकट पिवळा म्हणून सांगितला होता, निघाला तो हळदीचा. सौमित्र म्हणतो, वाळला की फिका होईल. वाळून आठवडा झाला. पाळणा वरच्या फळीवरून काढून धुऊन ठेवलाय. तुझी माशांची पेटी हॉलमध्ये आहे तिथेच आहे, कोरडी. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, मासे कुठे गेले. मी म्हणते, गेले.

खरं तर मला विचारायचं आहे ते तुझ्या बाबांबद्दल. गणपतीनंतर नागोराव एकदाही माझ्याशी फोनवर बोललेले नाहीत. मुलगी झाल्याचं सांगायलासुद्धा गोदाताईंनीच फोन केला. मी म्हटलं, व्याह्यांना द्या, अभिनंदन करते, तर म्हणाल्या, ते बाहेर गेलेत. मागून त्यांचा खोकला ऐकू येत होता. परवा तू सांगितलंस की बाळाला घेऊन पुण्याला यायचं ठरलं तर पोचवायला आई येईल, बाबा येणार नाहीत, प्रवास झेपत नाही. ज्या माणसाचा जन्म एस.टी.च्या कंडक्टरकीत गेला त्याला जिंतूर ते पुणे झेपत नाही, हे मी ऐकून घेतलं आणि बरं म्हटलं. का झेपत नाही ते मला माहीत आहे. तुला वाटतं तुलाही माहीत आहे. तुला निम्मंच माहीत आहे, नम्रता.

तू ती पेटी घरी आणलीस तो दिवस आठव. मी पहिल्याच झटक्यात म्हटलं होतं की घरात माणसांना पाण्याची वेळ पाळावी लागते, त्यात हे पाहुणे कशाला. नंतर भाजी निवडताना तू सहज सांगितलंस की लहानपणी तुमच्याकडे आठ-आठ दिवस नळ यायचा नाही, आणि तुला नेहमी वाटायचं की ज्या घरात शोभेसाठी पाणी भरून ठेवता येतं ते घर किती श्रीमंत असेल. त्यानंतर मी विरोध केला नाही. उलट पुढाकारच घेतला, कारण पुढाकार घेतल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट पटत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी चार पेले मांडले आणि तुम्हा दोघांना समोर बसवून वर्ग भरवला. एका पेल्यात नळाचं पाणी, एकात सोसायटीच्या बोअरचं, एकात टँकरचं, एकात आपल्या फिल्टरचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. माणसाला त्याने काही होत नाही, माशाचे कल्ले मात्र जळतात. बोअरचं पाणी जड, आपल्या गिझरची त्याने काय दशा केली ते तुम्ही पाहिलंच आहे. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतलं ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. आणि फिल्टरच्या पाण्यातून क्षार इतके काढून घेतलेले असतात की ते माशाला अंगी लागत नाही. सौमित्र म्हणाला, मग मासे जगतात कसे? तू खुदकन हसलीस. मीच निकाल दिला. नळाचं पाणी घ्यायचं, मागच्या गॅलरीतल्या निळ्या ड्रममध्ये भरायचं, दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जाऊ द्यायचा आणि मगच पेटीत घालायचं.

दुकानदाराने दिलेली क्लोरीन मारायच्या थेंबांची बाटली मी परत पाठवली. आपल्याला ज्ञान असताना बाटली कशाला? मग ड्रमवर पाटी लावली. 'हे पाणी माशांचे आहे. माणसांनी हात लावू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी विचारावे.' सासरे तुझे म्हणाले, ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे कसं कळणार? मी म्हटलं, त्यांनाही विचारावं लागेल. तो ड्रम म्हणजे घरातलं माझं राज्य झालं. पाणी कधी भरायचं, कधी बदलायचं, कुणी बदलायचं, सगळं माझ्या हुकमाने. मासेही खरोखर छान राहिले. सोसायटीतल्या दोन-तीन घरांनी माझं बघून पेट्या आणल्या आणि ते लोक मला पाण्याबद्दल विचारायला येऊ लागले. मला ते फार आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गणपतीला तुझे आईबाबा आले. तुला सातवा चालू होता म्हणून यंदा त्यांनी लवकर यायचं ठरवलं आणि अनंत चतुर्दशीपर्यंत राहायचं ठरवलं. नागोरावांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं की उभ्या नोकरीत त्यांना गणपतीत कधी रजा मिळाली नाही, सगळं गाव गणपती बघायला चाललेलं असतं आणि ते तिकिटं फाडत असतात. पुण्याची मिरवणूक एकदा डोळ्यांनी बघायची त्यांची इच्छा होती. तोवर त्यांनी तुझ्या माशांसमोर खुर्ची टाकली. काय रमले होते ते! मासे एका कोपऱ्यात गोळा झाले की हे इकडून सांगायचे, पुढं सरका, मधी जागा हाय. तो मोठा केशरी मासा सगळ्या कोपऱ्यांतून सावकाश फिरायचा, त्याला त्यांनी तपासनीस असं नाव ठेवलं होतं. चहा घेऊन गेलं की म्हणायचे, हळू बोला, तपासनीस चढलाय. मीसुद्धा हसायचे. त्यांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे पेटीतलं काढलेलं जुनं पाणी मोरीत ओतणं. ते बादल्या उचलून खाली झाडांना घालून यायचे. मी म्हटलं, अहो, लिफ्ट आहे. ते म्हणाले, बादलीला कशाला लिफ्ट.

आता ज्यासाठी हे सगळं सांगते आहे तिथे येते. आपला गणपती दीड दिवसाचा आणि शाडूचा, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे, कारण मीच ते सांगत असते. प्लॅस्टरची मूर्ती आणणाऱ्यांना मी जिन्यात अडवून ऐकवलेलं आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये शाडूचा गोळा पाण्यात विरघळवून दाखवला होता, तू फोटो काढले होतेस. यंदा तुझ्या तपासण्यांच्या गडबडीत नेहमीच्या मूर्तिकाराकडे नोंदवायचं राहून गेलं आणि मी ऐनवेळी रस्त्यावरच्या एका मांडवातून मूर्ती घेतली. विकणारा शपथेवर सांगत होता की शाडूच आहे. उचलताना ती हलकी लागली. हाताला कळलं होतं, नम्रता. पण आता उलटं फिरून कुठे जाणार, आणि कुणाकुणाला काय सांगणार, म्हणून मी ती शाडूची आहे असं ठरवून टाकलं. घरच्या बादलीत विसर्जन केलं, आरती झाली, बादली मागच्या गॅलरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर देव जसेच्या तसे बसलेले. फक्त रंग सुटला होता. मी घाईघाईने वर घमेलं पालथं घातलं.

तेव्हाच मी बाहेर येऊन सांगितलं असतं की मला फसवलं, तर काय झालं असतं? सौमित्रने वर्षभर चिडवलं असतं. तुझ्या सासऱ्यांनी एखादं वाक्य टाकलं असतं. विषय संपला असता. मूर्ती जवळच्या संकलन केंद्रावर देता आली असती, पण जिन्यात मूर्ती घेऊन जाताना कुणीही पाहिलं असतं, आणि तिथे टेबलाशी माझे जुने विद्यार्थी बसलेले होते. म्हणून मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवरून पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर गेले, आणि प्लॅस्टर विरघळवायची पांढरी पावडर फुकट वाटतात ती घेऊन आले. अमोनियम बायकार्बोनेट. पाण्यात प्लॅस्टरबरोबर ठेवलं की खाली खडू साचतो आणि वरचं पाणी खताचं होतं. मी फळ्यावर कितीदा लिहिलेलं समीकरण ते. पण त्याला अमोनियाचा वास येतो, तेव्हा झाकणाचं भांडं हवं होतं. आणि कुणी उघडून बघणार नाही अशी जागा हवी होती. घरात असं एकच भांडं होतं, ज्याला कुणीही हात लावू नये अशी मी स्वतः पाटी लावली होती.

हो, माशांच्या ड्रममध्ये. झाकण लावून, तुम्ही सगळे झोपेत असताना किंवा बाहेर गेलेले असताना काठीने ढवळत. दीड दिवस ज्याची पूजा केली त्याला चोरून ढवळताना मला देवाची लाज वाटली नाही. घरातलं कुणी बघेल याची मात्र वाटत होती. मूर्ती विरली. पाणी मी पातळ करून झाडांना घातलं, उरलेलं मोरीत सोडलं, ड्रम धुतला. मला वाटलं होतं नीट धुतला. पण तू बघितलायस, त्याची तोटी तळापासून चार बोटं वर आहे. तोटीखाली तळाला जो खडूचा राडा बसला होता तो पांढरा ड्रमच्या निळ्या रंगावर दिसायला हवा होता. मागच्या गॅलरीत उजेड कमी आणि बाहेर तुझ्या बाबांच्या चपलांचा आवाज आला, ते झाडांना पाणी घालून परत येत होते. मी तशीच नळी सोडली आणि ड्रम भरायला लागले. निम्मा भरला नाही तोच नळ गेला. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी त्या आठवड्यात पाणी बंद ठेवणार होते, ते मी विसरले होते.

रविवारी पाणी बदलायचं होतं. तू वाकायचं नाहीस म्हणून नागोराव म्हणाले, मी करतो, आणि मी हो म्हटलं. खरंच सांगते, तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही. काम उरकलं होतं, माझी अब्रू वाचली होती, ड्रमचा विषय मी डोक्यातून काढून टाकला होता. ते बादल्या भरून आणत होते. ड्रममधलं पाणी कमी पडतंय असं दिसल्यावर त्यांनी न्हाणीघरातल्या नळाचं दोन बादल्या पाणी ड्रममध्ये आणून ओतलं. त्या दिवशी टाकीत टँकरचं पाणी होतं. आणि शेवटचं पाणी तोटीतून येईना तेव्हा त्यांनी ड्रम तिरका केला, सगळं निपटून घेतलं. तुमच्याकडे कुणी भांड्यात पाणी सोडून देत नाही. आपल्याकडे कुणीही ते चार बोटं पाणी तसंच सोडलं असतं.

मग काय झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं. मासे वर आले, तोंडं पाण्याबाहेर काढून धापा टाकायला लागले. तू हाका मारत होतीस. शेजारच्या नीरजाताई प्रसादाचं ताट घेऊन आल्या होत्या त्याही दारात थांबल्या. मी पेटीवर वाकले. तपासनीसाचे कल्ले लाल झाले होते आणि पाण्याला अगदी पुसटसा वास होता. दुसऱ्या कुणाला तो आला नसता. मला तो वास प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं घेऊन पाठ आहे. वाकल्या वाकल्या मला सगळं कळलं, नम्रता. ड्रम कळला, राडा कळला, मी कळले. टँकरच्या पाण्याने असे कल्ले लाल होत नाहीत, हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

आणि तेवढ्यात तुझे बाबा मागून म्हणाले, मी त्यात दोन बादल्या नळाचं पाणी घातलं होतं, त्यानं तर नसंल? कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं. मी सरळ झाले आणि वळून म्हणाले, नागोराव, तुमच्याकडे चालत असेल तसलं पाणी, आमच्याकडे मासेसुद्धा पारखून घेतात. नीरजाताईंसमोर. गोदाताईंसमोर. ज्या माणसाने आयुष्यभर घागरी रांगेत लावल्या त्याला मी पाण्यावरून बोलले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चक्क हात जोडले मला. म्हणाले, चुकी झाली विहीनबाई, आमच्याकडं पाणी दिसलं की आधी भरून घेतेत, मंग इचारतेत. मी खोटं बोलले नाही, असं नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरोखरच टँकरच्या पाण्याने मासे मेले असं एक अक्षरही मी उच्चारलं नव्हतं. माझ्यासारख्या बाईला इतकं शिक्षण द्यायला नको होतं, त्याचा उपयोग ती असल्या कामाला करते.

पण मला सगळ्यात जास्त खातं ते माझं वाक्य नाही, त्यानंतरचं तुझं आहे. तू रडत होतीस आणि त्यांच्यावर ओरडलीस. बाबा, पाटी लावलीय ना, आईंना विचारायचं ना आधी, कळत नाही का तुम्हाला काही! तुझ्या तोंडून मी त्याआधी त्यांच्याशी असा शब्द कधी ऐकला नव्हता. तू माझ्यावर विश्वास ठेवून त्यांना बोललीस. माझं पाण्याचं शास्त्र, माझे चार पेले, माझी पाटी, ते सगळं खरं धरून तू स्वतःच्या बापाला वेड्यात काढलंस. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी नीरजाताईंना म्हटलं, बसा, चहा टाकते.

नागोरावांनी मेलेले मासे एकेक करून ओंजळीत उचलले. मला विचारलं, कुठं ठेवू. मी म्हटलं, गॅलरीतल्या कुंडीत पुरा. माझ्या आवाजात तेव्हाही हुकूमच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं निघाले. मिरवणुकीला अजून अवकाश होता. गोदाताई म्हणाल्या, शेतात काम निघालंय. तुमचं शेत गेली तीन वर्षं बटाईने दिलंय हे मला माहीत होतं. मी थांबवलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. निघताना गोदाताई स्वयंपाकघरात वाटेसाठी बाटली भरायला लागल्या तर तुझे बाबा म्हणाले, राहू दे, इथलं चांगलं पाणी कशाला, ठेसनावर भरू. रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खरंच तसं समजून म्हणाले.

तू त्यानंतर दसऱ्यापर्यंत इथे होतीस. रोज संध्याकाळी आपण दोघी चहा घेत होतो. रोज मी सांगायचं ठरवायचे आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. तुझं बीपी वाढलंय, तुला आत्ता ताण नको. आज सौमित्र घरी आहे. आज तू खूश आहेस, कशाला विरजण घाला. तू एकदा म्हणालीस, आई, मी बाबांना फारच बोलले हो त्या दिवशी, फोनवर नीट बोलत नाहीत आता. मी काय म्हटलं आठवतंय? होतं गं असं, विसरतील. हे सगळं मी तुझ्याकडे बघून बोलले. माझा हात तुझ्या पाठीवर होता. ते आठवलं की अजूनही मला कुणी समोर नसताना मान खाली घालावीशी वाटते.

गेल्या आठवड्यात तुझ्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. वर्तमानपत्र बाजूला न करता त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, मला सांगून काय उपयोग, मी मासाही नाही आणि व्याहीही नाही. एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलतात, पण मी पाण्याची बाटली भरायला लागले की उठून स्वतः भरून घेतात. मुद्दाम करतात की सहज, ते त्यांनाच ठाऊक. विचारायचा मला धीर नाही.

तरीही मी कदाचित हे पत्र लिहिलं नसतं. बारशाला आले असते, जरीचं झबलं दिलं असतं, नागोरावांना वाकून नमस्कार केला असता आणि मनातल्या मनात तेवढ्यावर फिटलं असं धरलं असतं. पण काल गोदाताईंचा फोन आला. बारशाचं बोलता बोलता हसत म्हणाल्या, आमच्याकडं एक नवीनच सोंग निघालंय विहीनबाई. सकाळी हे बंब पेटवतेत, पाणी तापवतेत, दोनदा कढवतेत, गाळून घेतेत, समदं करतेत. पण न्हाऊ घालणारी बाई मनली, आजोबा पाणी घाला, की दाराबाहेर जाऊन उभं राहतेत. मनतेत, माझ्या हातचं पाणी लेकराला नको, काई झालं मंजी? नातीला अजून मांडीवरसुद्धा घेतलं नाही बघा. गोदाताई हसत होत्या. त्यांना हे म्हातारपणाचं खूळ वाटतंय. तुला काय वाटतंय मला माहीत नाही, तू मला हे सांगितलं नाहीस. एक माणूस आपल्या नातीला स्वतःच्या हाताने पाणी घालायला भितो, आणि ती भीती मी त्याच्या हातात घातलीय. म्हणून हे लिहिलं, नम्रता. हे पत्र तुझ्या नावाने आहे, पण तू एकटीने वाचून ठेवून द्यायचं नाही. मी त्यांना चारचौघांत बोलले होते, तेव्हा तूही हे चारचौघांत वाच, गोदाताई, सौमित्र, न्हाऊ घालणारी बाई, सगळ्यांसमोर, मोठ्याने, माझा एक शब्दही न गाळता. नीरजाताईंना मी आज संध्याकाळी स्वतः जाऊन सांगते आहे. मी बारशाला यावं की नाही ते नागोरावांनी ठरवायचं. नको म्हणाले तर मी इथेच थांबेन, आणि ते बरोबर असेल. तू फक्त एक कर. पत्र वाचून झालं की बाळाला आधी त्यांच्या मांडीवर ठेव, आणि तांब्या त्यांच्या हातात दे.

तुझीच,
उल्का